हिरव्या पट्टीची गाडी

आमच्या समोरच्या खोलीत जीपची सीट आहे. नुसती सीट, जीप नाही. भंगारातून आणलेली ती सीट नवऱ्याने सुताराकडून सागवानी चौकटीत बसवून घेतली, समोर स्टेअरिंग आवळलं, पायाशी फळीवर पेडल ठोकले आणि पुढ्यात भला मोठा पडदा लावला. लाखांदुरात आमचं कापडाचं दुकान आहे. दुपारी जेवायला घरी आलेला माणूस आधी त्या सीटवर जाऊन बसायचा आणि ताटातली भाजी गार व्हायची. वर्षभर मी यावर बोलले, मग सोडून दिलं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं!

शेजारीण खिडकीतून डोकावून विचारायची, "का करून राहिले वो भाऊजी अंदर?"

"गाडी चालवून राहिले."

"कुठी चालले?"

"कुठीच नाही."

ती हसायची, मीही हसायची. पन्नाशीला टेकलेला, दुकानात गिऱ्हाइकाशी शब्द मोजून बोलणारा माणूस कानाला हेडफोन लावून "ब्रेक! ब्रेक!" असा स्वतःवरच ओरडताना पाहिला की दुसरं करणार काय?

पण तो खेळ पोरखेळ नव्हता हे मला हळूहळू कळलं. शर्यत सहा तासांची असायची. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी अशाच सीटवर बसून एकाच रस्त्यावर उतरायची. एका गाडीला तीन ड्रायव्हर. एकाचा हात भरून आला की तो गाडी पिटमध्ये, म्हणजे थांब्यावर आणायचा, पेट्रोल-टायर व्हायचे, आणि तीच गाडी दुसरा आपल्या घरून पुढे न्यायचा. आमच्या गाडीचे तिघे म्हणजे एक हे, दुसरे माझे धाकटे दीर, जे बंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहेत, आणि तिसरे यांचे नागपूरचे एक मित्र.

आता इथे मला घरातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं काहीच समजणार नाही. माझे सासरे गेले ते पावसाळ्यात, एका सकाळी. सासूबाई त्याआधीच गेलेल्या. भाऊजींना फोन केला, ते मिळेल त्या विमानाने निघाले. इकडे अंगणात माणसं जमली. आभाळ भरून आलेलं, लाकडं ओली होतील, नदीला पाणी चढेल, दिवस मावळायच्या आत उरकलं पाहिजे, असं जो तो सांगायला लागला. यांनी मान डोलावली. भाऊजी नागपूरहून गाडी करून पोचले तेव्हा आम्ही नदीवरून परत येऊन आंघोळी करून बसलो होतो.

हातातली बॅग खाली न ठेवता भाऊजींनी विचारलं, "थांबले नाही?"

हे म्हणाले, "किती थांबाचं?"

एवढंच. कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडण होऊन मिटलं तरी असतं. भाऊजी तेरवीपर्यंत राहिले, सगळं रीतीने केलं आणि गेले. त्यानंतर दिवाळीला आले नाहीत, पोळ्याला आले नाहीत. भावाला त्यांचा फोन नाही आणि भावाचा त्यांना नाही. दोघेही हट्टी. मला तर दोघांचेही कान धरावेसे वाटायचे.

पण गाडीची टीम मात्र दोघांपैकी कोणी सोडली नाही. महिन्यातून एका रविवारी ते दोघं एकमेकांच्या कानात असायचे. बोलणं काय, तर पेट्रोल किती, टायर कसे, मागे कोण आहे. "पिटमधी येऊन राहिलो." "ये." शर्यत संपली की "ठेवतो." "ठेव." बस. हेडफोनमधलं बोलणं पडद्याच्या स्पीकरवरही यायचं, ते मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकायची. एवढ्याशा धाग्यावर या घरातले दोन भाऊ लटकले आहेत हे मला दिसत होतं, आणि म्हणून भाजी गार झाली तरी मी गप्प राहायची.

मग नागपूरच्या मित्राची नोकरीतली पाळी बदलली, रविवार गेला. वर्षातली शेवटची शर्यत तोंडावर आली होती, आणि नियम असा की टीमला तिघं हवेत आणि तिघांनीही गाडी थोडी तरी चालवलीच पाहिजे. नाहीतर नाव बाद. यांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे. बंद करून टाकू. तसंही का कामाचं हाय?"

टीम बंद म्हणजे महिन्याचा तो रविवारही बंद. मी पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाले, "मी बसतो. शिकवा मले."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मी स्कूटी चालवते. माझं माहेर दिघोरीचं, तिकडे एकटी जाते-येते. पण स्कूटी वेगळी आणि हे वेगळं, असं त्यांचं म्हणणं. भाऊजी अजून जोडलेलेच होते, त्यांनी मात्र तिकडून लगेच हो म्हटलं. कदाचित त्यांनाही तो रविवार हवा होता.

शिकवायला भाऊजीच बसले. यांना शिकवणं जमत नाही, दोन मिनिटांत चिडतात. पहिल्याच दिवशी माझं डोकं अडलं ते गाड्यांवर. रस्ता एक आणि गाड्या तीन तऱ्हेच्या. लाल पट्टीच्या, त्यांना हायपरकार म्हणतात, जमिनीला चिकटलेल्या आणि वाऱ्यासारख्या पळणाऱ्या. निळ्या पट्टीच्या, त्यांच्याहून थोड्या कमी. आणि हिरव्या पट्टीच्या, जीटी. त्यांना नीट दारंबिरं असतात, रस्त्यावरच्या गाडीसारख्या दिसतात, अंगाने जड आणि सगळ्यांत सावकाश. आमची हिरवी.

"मंग आपण कायले धावाचं?" मी विचारलं. "लालवाले त आपल्याले कधीच सापडणार नाहीत. हरलेलीच शर्यत हाय ही."

"वहिनी, ही एक शर्यत नाही. तीन हायेत. रस्ता तेवढा एकच."

मला पटेना. पडद्याच्या कडेला सगळ्या गाड्यांचे नंबर खालीवर होत असतात. मागच्या महिन्यात हे "तिसरे आलो" म्हणून खूश होऊन उठले होते आणि मी पाहिलं तर गाडी यादीत पार तळाकडे. मला वाटलं होतं, माणूस स्वतःची समजूत घालतो आहे. शेजारणीलाही मी तसंच सांगितलं होतं.

दोन दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं. मग धान निवडताना एकदम लख्ख उजेड पडला, आणि संध्याकाळी मी भाऊजींना म्हणाले, "म्हणजे हलका धान आन् भारी धान."

"का म्हणलं?"

"माहेरी आमच्या वावरात बाबूजी दोन्ही लावत. पऱ्ह्याचं बी एकाच वक्ती टाकलेलं. हलका दिवाळीच्या आधी कापाले येते, भारी मागून येते. हलका आधी आला म्हणून भारी हारला असं कोणी म्हणते का? भाऱ्याले भाऱ्याशीच पाहाचं. शेजारच्या वावरातला भारी कसा आला, ते पाहाचं."

हेडफोनमध्ये भाऊजी मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचं हसणं ऐकलं. "दादा," ते म्हणाले, "आयकलं का? एवढं सोपं करून तू मले कधी सांगतलं नाही." हे खोलीतच होते. दुकानात जायला उठले होते ते पुन्हा खुर्चीवर बसले.

गाड्यांचे वर्ग डोक्याला समजले, पण हातांना अजून समजायचं होतं. माझी चूक वेगळीच निघाली आणि ती चूक, मला वाटतं, आमच्याच भागातलं माणूस करेल. आमच्याकडचा रस्ता अरुंद. मागून एसटी किंवा ट्रक आला, त्याने दिवे मारले, हॉर्न दिला, की स्कूटीवाल्याने मुकाट्याने डांबरावरून मुरमात उतरायचं. लहानाने मोठ्याला, सावकाश चालणाऱ्याने जोरातल्याला वाट द्यायची, ही आमची रीत. त्यात कमीपणा नाही, जीव वाचतो. तर सरावाच्या शर्यतीत आरशात लाल गाडी दिसली, तिने दिवे मारले, आणि मी शहाण्यासारखी डावीकडे सरकले. ती गाडी नेमकी डावीकडूनच निघाली होती. दोन्ही गाड्या गरगर फिरत गवतात गेल्या. कोणीतरी अनोळखी माणूस कानात ओरडला, "अरे भैया, सीधा चलो ना यार!"

दुसऱ्या फेरीला मी निळ्या गाडीला तशीच वाट दिली आणि तिलाही घेऊन भिंतीवर गेले.

हे डोक्याला हात लावून बाहेर निघून गेले. भाऊजी मात्र शांतपणे म्हणाले, "वहिनी, दिवे मारते म्हणजे तो तुमाले 'सरका' म्हणत नाही. तो म्हणते, मी आलो हाय, तुमी जसे चालले तसेच चाला. वाट काढाचं काम त्याचं हाय, जो जोरात हाय त्याचं. तुमी दया दाखवली की मरता, आन् त्यालेही मारता."

"मंग मी का करू?"

"काहीच करू नका. आपली वाट सोडू नका."

ऐकायला सोपं, पण माझ्या हातांना ते कळायला आठ-पंधरा दिवस गेले. मागून दिवे चमकले की मनगट आपोआप वळायचं. मी पोळपाटावर लाटणं धरून स्वतःला बजावायची, सरकायचं नाही, बाई, सरकायचं नाही.

शर्यतीचा रविवार आला. सकाळी दहाला सुरू, चारला संपणार. आमच्या डोक्याला एकच घोर, लाखांदूरची लाइट. यांनी इन्व्हर्टरची बॅटरी नवी बसवली, वर एक जास्तीची ठेवली. "बंगळूरचं काही नाही," हे म्हणाले, "तिकडे लाइट जातच नसन. गेलं त आपल्याच इथून जाईन." पहिला हात भाऊजींचा, दुसरा माझा, तिसरा यांचा आणि शेवटचा पुन्हा भाऊजींचा, असं ठरलं.

माझी पाळी आली. भाऊजींनी गाडी पिटमध्ये आणली, मी बटण दाबलं आणि रस्ता माझ्यासमोर उघडला. पहिल्या काही फेऱ्या मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. मग आरशात दिवे चमकले, लाल गाडी. मी दात आवळले आणि जशी चालले होते तशीच चालत राहिले. ती उजवीकडून सरकन निघून गेली. मग दुसरी, मग निळ्या दोन. मला काही झालं नाही, त्यांनाही नाही.

खरं सांगते, फार बरं वाटलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी कुणालाही आधी वाट देत आले आहे, पंक्तीत, बोलण्यात, घरातल्या निर्णयात. कोणी मागितली म्हणून नव्हे, सवय म्हणून. आणि इथे मी आपल्या वाटेने चालले होते आणि जोरातल्या गाड्या मला वळसा घालून जात होत्या. त्यांची घाई त्यांच्यापाशी. मी फक्त पुढच्या हिरव्या गाडीकडे पाहत होते, कारण माझी शर्यत तिच्याशी होती. ती काही मला सापडली नाही, पण मागच्या हिरव्यालाही मी पुढे येऊ दिलं नाही. उतरले तेव्हा आमची गाडी हिरव्यांत पाचवी होती, जशी मला मिळाली होती तशीच.

"वहिनी, एक नंबर!" भाऊजी म्हणाले. यांनी सीटवर बसता बसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

यांनी मात्र कमाल केली. पाचवी गाडी चौथी झाली आणि तीन वाजायच्या सुमारास तिसरी. आपल्या वर्गात तिसरी. पहिल्या तिघांचं नाव शेवटी सगळ्यांसमोर घेतात, आणि इतक्या दिवसांत आमच्या गाडीचं नाव कधी घेतलं गेलं नव्हतं. आधी "तिसरे आलो" म्हणाले होते ती सरावाची शर्यत होती, ही खरी. मी ताट वाढून बाजूला उभी होते. हे पिटमध्ये आले, गाडी थांबवली, हात स्टेअरिंगवरून उचलले आणि म्हणाले, "ये."

उत्तर आलं नाही.

"अरे, ये न."

यादीत भाऊजींचं नाव करडं झालं होतं. गेलं ते लाखांदूरचं नव्हे, बंगळुरूचंच. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. भाऊजी. मी स्पीकर लावला.

"वहिनी, आमच्या बिल्डिंगचं नेटच गेलं. दादाले म्हणा, तूच बसून जा. उतरू नको म्हणा. आपलं सगळ्यायचं चालवणं झालं हाय, नियम लागत नाही."

खरंच लागत नव्हता. यांनी एक बटण दाबलं असतं तर गाडी पुन्हा यांच्या हातात. टायर नवे, पेट्रोल भरलेलं. थकले होते, पण तेवढी ताकद त्यांच्यात होती, मला माहीत आहे.

हे मोबाइलकडे पाहत होते. त्या पावसाळ्यानंतर भावाचा आवाज त्यांनी फोनवर पहिल्यांदा ऐकला होता.

"मोबाइलच्या नेटवर जोड," हे म्हणाले.

"वेळ लागन न दादा. तू जा."

"जोड तू. मी थांबतो."

"अरे, जागा जाऊन राहिली!"

"जाऊ दे. थांबतो म्हणलं न."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा, वायर ओढल्याचा आवाज आला. आम्ही पडद्याकडे पाहत राहिलो. आमची गाडी उभी आणि यादीतली नावं आमच्या वरून सरकायला लागली. एक लाल गाडी गेली, दोन निळ्या गेल्या. त्यांचं मला काही वाटलं नाही, त्यांची शर्यत वेगळी. मग एक हिरवी गेली. तिसरा नंबर गेला होता. काही वेळाने दुसरी हिरवी, मग तिसरी, मग चौथी. दीड महिन्यापूर्वी हे सगळं माझ्यासाठी नुसते रंग असते. आता प्रत्येक हिरवी गाडी काय घेऊन जाते आहे, हे मला कळत होतं, आणि यांना तर माझ्याआधीपासून कळत होतं. त्यांचा हात बटणापासून चार बोटांवर होता. त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

"भाजी गरम करू का?" मी विचारलं.

"कर," ते म्हणाले.

मी भाजी गरम करून आणली तेव्हा भाऊजींचं नाव यादीत पुन्हा उजळलं होतं. गाडी हलली. "आलो दादा," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जड होता. त्यांनी जीव तोडून चालवली, एक हिरवी मागे टाकली. चार वाजले तेव्हा आम्ही वर्गात सहावे होतो. पहिल्या तिघांची नावं घेतली गेली. हे जेवत होते. दुपारचं जेवण चार वाजता.

मी वाट पाहत होते की आता "ठेवतो" येईल आणि "ठेव" जाईल. आलं नाही. माझा मोबाइल सीटच्या कडेला तसाच चालू होता.

"दादा."

"हं."

"एक विचारू का?"

"विचार न."

"बाबाचं तोंड कसं दिसत होतं रे त्या दिवशी?"

यांचा घास हातात राहिला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्या दिवशी मीही अंगणातल्या बायकांत होते, आतलं मला काही ठाऊक नव्हतं.

"चांगलं दिसत होतं," हे म्हणाले. मग घास ताटात ठेवून म्हणाले, "दाढी लई वाढली होती बाबाची. मी पाणी गरम केलं आन् करून देली. लोकं म्हणे, आता कायले करतेस? मी म्हणलं, नाही, धाकटा येऊन राहिला हाय. तो पाहीन."